बेघरांसाठी घर आणि सरकारी सेवा: परत परत विचारले जाणारे प्रश्न

बेघरांना भेटायला आम्ही रात्रीची फेरी काढतो, त्या फेरीला नवीन आलेली पोरं, ऑफिसातले लोक, नातेवाईक, सगळे मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसे आठवले तसे लिहिलेत. काही उत्तरं लांबलीत, काही ठिकाणी माझी चिडचिड पण दिसेल, ती काढून टाकायचा प्रयत्न केला पण जमलं नाही.

बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारे, बरोबर ना?

ते तर आहेतच, पण तेवढेच नाहीत. ते दिसतात म्हणून तेच डोक्यात येतात. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांची फेआन्त्सा नावाची मोठी संघटना आहे, त्यांनी एथॉस म्हणून एक वर्गवारी केलीय आणि त्यात चार मोठे गट आहेत. डोक्यावर छप्परच नाही तो एक, छप्पर आहे पण घर नाही म्हणजे निवारा केंद्र किंवा तात्पुरती सोय हा दुसरा, घर आहे पण कधी जाईल सांगता येत नाही (बाहेर काढायची नोटीस आलीय, किंवा घरातच मारहाण होतेय) हा तिसरा, आणि घर आहे पण माणसाने राहावं असं नाही हा चौथा.

मित्राच्या सोफ्यावर आठ दिवस, मग मावसभावाकडे चार दिवस, मग दोन रात्री गाडीत, हा माणूस पण बेघरच आहे फक्त तो कोणाच्या यादीत नाही. बायका बऱ्याचदा या न दिसणाऱ्या गटात असतात कारण रस्त्यावर झोपणं त्यांना जास्त धोक्याचं, मग नको त्या माणसाच्या घरात नको तसं राहतात पण रस्ता टाळतात. त्यांच्यासाठी काही करायचं तर आधी त्या बेघर आहेत हे कागदावर मान्य व्हायला लागतं.

मग आकडे येतात ते खरे असतात का?

कमीच असतात असं धरून चाला. बहुतेक देशांत एका रात्रीत मोजणी होते, अमेरिकेत जानेवारीतल्या एका रात्री, तिथला २०२४ चा आकडा ७ लाख ७१ हजारांच्या वर होता. भारताच्या २०११ च्या जनगणनेत पण एक रात्र ठरवून मोजलं तेव्हा १७ लाख ७० हजारांच्या आसपास आले. आता एका रात्रीत जो जिन्याखाली झोपलाय, जो रात्रभर बसमधून फिरतोय, जो कोणाच्या सोफ्यावर आहे तो कसा सापडणार.

काही शहरांनी यापेक्षा शहाणपणाचं काम केलं, नावानिशी यादी ठेवली. म्हणजे अमुक माणूस, कधीपासून रस्त्यावर, तब्येत कशी, कागद कुठले आहेत कुठले नाहीत, कोण त्याच्या संपर्कात, आणि ही यादी दर आठवड्याला अपडेट. एकूण आकडा कळून कोणालाच घर मिळत नाही पण नाव कळलं की पुढची पायरी ठरवता येते. अर्थात यादी त्या माणसाला विचारूनच बनवायची आणि पोलिसांच्या हातात द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं नाव सांगणार नाही.

लोक बेघर होतातच का? दारू, ड्रग्ज, डोक्याचे आजार, हेच ना?

संगीत खुर्ची आठवा. दहा पोरं, आठ खुर्च्या. गाणं थांबलं की दोघं उभी राहणार, आणि ती दोघं कोण तर ज्याचा पाय मुरगळलाय तो आणि जो लहान आहे तो. आपण नेमकं त्या पायाकडे बघतो आणि म्हणतो बघा पाय मुरगळला म्हणून खुर्ची मिळाली नाही. पण खुर्च्याच कमी होत्या की. ज्या शहरात भाडं कमाईच्या मानाने फार आणि रिकामी घरं कमी तिथे बेघर जास्त, व्यसनाचं प्रमाण कितीही असो.

वैयक्तिक कारणं खोटी नाहीत. नोकरी गेली, नवरा-बायको वेगळे झाले, आजारपण, जेल, आई वारली आणि घर तिच्या नावावर होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात तसं एकापाठोपाठ एक होत जातं. आणि दारू पुष्कळांच्या बाबतीत रस्त्यावर आल्यावर वाढलेली असते, थंडी आणि भीती दोन्हीवर तीच एक स्वस्त गोष्ट मिळते.

निवारा केंद्रं वाढवली की झालं ना?

लागतातच. रात्री थंडीत माणूस मरू नये म्हणून निवारा पाहिजेच, त्यात वाद नाही. पण निवाऱ्यात माणूस रोज संध्याकाळी रांग लावतो, सकाळी बाहेर, सामान पाठीवर, दिवसभर वणवण, परत रांग. असं वर्षभर केलं तरी तो जिथे होता तिथेच. नवरा एकीकडे बायको दुसरीकडे, कुत्रं चालणार नाही, रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपायला मिळणार नाही, आणि सामान चोरीला जातं. लोक निवाऱ्यात यायला नाही म्हणतात तेव्हा आपण म्हणतो यांनाच रस्ता आवडतो. एक रात्र झोपून बघा म्हणावं.

हे हाउसिंग फर्स्ट म्हणजे काय नक्की?

आधी जुनी पद्धत सांगतो मग कळेल. जुन्या पद्धतीत पायऱ्या असायच्या. आधी दारू सोडा, मग गोळ्या वेळेवर घ्या, मग वसतिगृहात नीट वागून दाखवा, मग सामायिक खोली, आणि सगळ्यात शेवटी जमलं तर स्वतःचं घर. एका पायरीवर पाय घसरला की परत खाली. म्हणजे आधी कळस मग पाया, फुटपाथवर झोपून दारू सोड आणि मग तुला छप्पर देतो, जे धडधाकट माणसाला घरात बसून जमत नाही ते.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाउसिंग ही संस्था काढून हे उलटं केलं. घर पहिल्या दिवशी, नेहमीच्या वस्तीत, नेहमीसारखा करार, भाडं माणसाच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के, उरलेलं प्रोग्राम भरणार. अट एवढीच की भाडं वेळेवर आणि टीमचा माणूस ठरल्याप्रमाणे भेटायला येणार त्याला दार उघडायचं. उपचार घ्यायचे की नाही ते त्याच्यावर. ज्यांना जास्त गरज त्यांच्यासाठी डॉक्टर, नर्स, समाजसेवक अशी पूर्ण टीम, आणि घर आणि उपचार एकमेकांना बांधलेले नाहीत, म्हणजे उपचार सोडले म्हणून घर जात नाही आणि घर गेलंच तर टीम सोडून जात नाही. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात, नुसती चावी हातात देतात आणि म्हणतात आमच्याकडे पण हाउसिंग फर्स्ट आहे. याला टाकून देणं म्हणतात.

पण दारू पिणाऱ्याला फुकट घर, हे काही पटत नाही

पटत नसेल तर निकाल बघा. कॅनडात २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत मोठी चाचणी झाली, अ‍ॅट होम नावाची, २ हजारांवर लोक, सगळे बेघर आणि मानसिक आजार असलेले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटातले ३१ टक्के.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. दारू आणि मानसिक त्रास दोन्ही गटांत साधारण सारखाच कमी झाला, घर दिल्याने व्यसन जादूने सुटलं असं काही नाही. पण मग उलटं पण खरं ना, घर दिल्याने व्यसन वाढलं नाही. घर हे बेघरपणावरचं औषध आहे, दारूवरचं नाही. प्रत्येक गोष्टीने प्रत्येक आजार बरा झाला पाहिजे ही अपेक्षा आपण फक्त गरिबांना दिलेल्या गोष्टींकडूनच करतो.

फिनलंडचं सगळे कौतुक करतात, तिथे खरंच संपलं का?

संपलं नाही, पण खूप कमी झालं. १९८७ मध्ये साधारण १८ हजार बेघर होते, २०२३ ला ३,४२९. त्यांनी २००८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि निवारा केंद्रं पाडून किंवा बदलून त्यांचे छोटे छोटे फ्लॅट केले, ज्यात माणसाचा स्वतःचा करार असतो आणि खाली स्टाफ असतो. वाय फाउंडेशन म्हणून तिथली संस्था १९८५ पासून फ्लॅट विकत घेऊन भाड्याने देते, म्हणजे योजना आली तेव्हा हातात घरं होती. हाच मुद्दा बाकीचे देश गाळतात.

आणि २०२४ मध्ये आकडा परत वर गेला, ३,८०६, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. घरभाडं मदत आणि इतर भत्ते कापले गेले होते, त्याचा हा परिणाम असं तिथलेच लोक म्हणतात. म्हणजे एकदा केलं आणि सुटलो असं हे काम नाही, पाण्याच्या पाइपलाइनसारखं आहे, देखभाल थांबली की गळती सुरू.

कायद्याने घराचा हक्क दिला तर?

द्यावाच, पण स्कॉटलंडकडे बघून. तिथे २०१२ च्या शेवटी नियम झाला की मुद्दाम नाही तर नाइलाजाने बेघर झालेल्या कोणालाही घर मिळण्याचा हक्क, पूर्वी फक्त मुलंबाळं असलेले, आजारी वगैरे अशांना प्राधान्य होतं ते काढलं. जगातल्या सगळ्यात चांगल्या कायद्यांपैकी एक. पण घरंच पुरेशी बांधली नाहीत तर हक्क असलेला माणूस तात्पुरत्या खोलीत वर्षानुवर्षं बसतो, आणि मे २०२४ मध्ये तिथल्या संसदेला घरांची आणीबाणी जाहीर करायला लागली. कायदा नको असं नाही म्हणत मी, कायदा नसता तर रांगेत उभं राहायला पण मिळालं नसतं.

पत्ता नाही म्हणून काय काय अडतं?

सगळं. यावर मी तासभर बोलू शकतो.

फॉर्मवर पहिला रकाना नाव, दुसरा पत्ता, आणि तिथेच पेन थांबतं. ओळखपत्राला पत्त्याचा पुरावा, पत्त्यासाठी भाडेकरार, भाडेकराराला ओळखपत्र. बँकेला दोन्ही. भत्ता बँकेत जमा होणार. या गोल चक्रात एक माणूस मी बघितलाय जो नऊ महिने फिरत होता, प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपापल्या जागी बरोबर होता, कोणी वाईट वागलं नाही, आणि तरी काम झालं नाही. सरकारी काम सहा महिने थांब म्हणतात, पण थांबायला पण घर लागतं.

मग पत्र. अपॉइंटमेंटचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं, हा जात नाही, फाइलवर "गैरहजर", नाव कटलं. आता म्हणे सगळं ऑनलाइन केलं, म्हणजे मोबाइल पाहिजे, चार्जिंग पाहिजे, आणि ओटीपी येणार त्या नंबरवर जो दोन महिन्यांपूर्वी चोरीला गेला. डिजिटल केल्याने रांग कमी झाली हे खरं, कारण काही लोक रांगेत यायचेच बंद झाले.

उपाय फार अवघड नाहीत हो. एखाद्या केंद्राचा किंवा ऑफिसचा पत्ता टपालासाठी वापरू द्या. कागदपत्रांच्या स्कॅन कॉपी सुरक्षित ठेवायची सोय करा, कारण पावसात किंवा सामान उचलून नेलं की पहिले कागद जातात. ओळख पटवायला समाजसेवकाचं पत्र चालू द्या. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र लागत नाही असा नियमच आहे (तरी रिसेप्शनवर मागतात, म्हणून काही ठिकाणी खिशात ठेवायचं छोटं कार्ड देतात ज्यावर हा नियम छापलेला असतो, ही आयडिया मला फार आवडली).

दवाखान्यात तर कोणीही जाऊ शकतं ना?

इमर्जन्सीत हो. त्याच्या आधी नाही, म्हणून सगळे इमर्जन्सीतच पोचतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये बेघर असताना वारलेल्यांचं सरासरी वय २०१८ मध्ये पुरुषांचं ४५ आणि बायकांचं ४३ होतं.

डॉक्टर गोळी लिहून देतात पण ती घ्यायची कुठे हे विचारत नाहीत. इन्सुलिन थंड कुठे ठेवणार? लघवी होण्याची गोळी दिली तर रात्री संडास कुठे आहे? तो गोळी घेत नाही, पाय सुजतात, परत अ‍ॅडमिट, आणि केसपेपरवर "पेशंट सहकार्य करत नाही". अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. जिम विदर्स १९९२ पासून रात्री रस्त्यावर जाऊन तपासायला लागले, सुरुवातीला बेघरासारखे कपडे घालून, पूर्वी स्वतः बेघर असलेल्या एका माणसाबरोबर, कारण डॉक्टर म्हणून गेलं तर कोणी जवळ येऊ देत नव्हतं. त्यातूनच पुढे रस्त्यावरच्या वैद्यकीय सेवेची चळवळ वाढली. दुसरी गरज म्हणजे हॉस्पिटलमधून सोडल्यावर बरं होईपर्यंत पडून राहायला बेड. ऑपरेशन झालेल्याला टाके ओले असताना फुटपाथवर सोडायचं आणि वर आराम करा सांगायचं, हा विनोद रोज चालतो.

हॉस्पिटल आणि जेलमधून सुटणाऱ्यांसाठी वेगळं काही?

हो, सुटायची तारीख आधी माहीत असते तर घर शोधायला त्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला. न्यूयॉर्कमध्ये निघालेली एक पद्धत आहे, क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन, एकच कार्यकर्ता साधारण नऊ महिने बरोबर राहतो, सुरुवातीला खूप, मग हळूहळू कमी, आणि तेवढ्यात डॉक्टर, घरमालक, नातेवाईक यांच्याशी धागे बांधून देतो. एकच माणूस हे महत्त्वाचं. दर वेळी नवीन चेहऱ्याला आपली रडकथा पहिल्यापासून सांगायची या प्रकारानेच अर्धे लोक येणं सोडतात.

सरळ पैसे दिले तर उडवून टाकतील ना?

व्हँकुव्हरला करून बघितलं, ५० लोकांना एकदम ७,५०० कॅनेडियन डॉलर दिले, कुठलीही अट नाही. वर्षभरात ते न दिलेल्या गटापेक्षा सरासरी ९९ दिवस कमी बेघर राहिले, आणि दारू-ड्रग्जवरचा खर्च वाढला नाही. यात जास्त व्यसन किंवा गंभीर मानसिक त्रास असलेले लोक घेतले नव्हते हे पण सांगायला पाहिजे, म्हणजे हा उपाय सगळ्यांना लागू नाही. पण ज्याला फक्त डिपॉझिट कमी पडतंय त्याला सहा महिने समुपदेशन कशाला?

घर जाण्याआधीच थांबवता येतं का?

येतं, आणि तेच सगळ्यात स्वस्त, पण तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय. इंग्लंडच्या २०१७ च्या कायद्यात ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल तर स्थानिक प्रशासनाने तेव्हापासूनच मदत सुरू करायची असं आहे. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. थकलेलं एक-दोन महिन्यांचं भाडं भरून देणं, घरमालकाशी बसून हप्ते पाडणं, ही कामं कंटाळवाणी आहेत, फोटो चांगला येत नाही, म्हणून त्याला निधी मिळत नाही असं माझं मत.

पोलिसांनी उठवलं की रस्ते मोकळे होतात की

होतात, पुढच्या गल्लीत भरतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की झोपायला जागा नसली तरी सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल शहर शिक्षा करू शकतं. आता दंड भरायला पैसे नाहीत, मग वॉरंट, मग रेकॉर्ड, मग त्या रेकॉर्डमुळे घरमालक नाही म्हणतो. आगीतून फुफाट्यात. आणि सामान जप्त झालं की त्यात ते कागद जातात जे मिळवायला नऊ महिने लागले होते.

एवढी घरं आणायची कुठून?

करोना आला तेव्हा आली ना. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये आदेश निघाला की रस्त्यावरच्या सगळ्यांना आत घ्या, आणि दोनेक महिन्यांत जवळपास १५ हजार लोक हॉटेलांत वगैरे होते. कायमची घरं हा वेगळा विषय, त्याला बांधावीच लागतात, किंवा खाजगी घरमालकाला भाड्याची हमी आणि नुकसान झालं तर भरपाई देऊन पटवावं लागतं. घरमालकाला फक्त दोनच गोष्टी पाहिजे असतात, भाडं वेळेवर आणि काही झालं तर फोन उचलणारा माणूस. दुसरी गोष्ट जास्त.

मी ऑफिसमध्ये खिडकीवर बसतो, नियम माझ्या हातात नाहीत

नियम नाहीत पण "उद्या या" तुमच्या हातात आहे. उद्या येणं म्हणजे त्याच्यासाठी एक दिवसाचं काम बुडणं आणि रात्रीच्या निवाऱ्याची रांग चुकणं. कुठला कागद कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या, दुसऱ्या ऑफिसला पाठवत असाल तर आधी फोन करून विचारा तिथे आज साहेब आहेत का. सामान बाहेर ठेवा असं सांगू नका, ते त्याचं घर आहे. आणि अहो-जाहो करा, फुकट असतं ते.

घर मिळालेले लोक परत रस्त्यावर का येतात?

सगळे येत नाहीत, पण पहिले काही महिने नाजूक असतात. एकटेपणा खातो, सगळे मित्र रस्त्यावर आणि हा चार भिंतींत. मित्रांना आत घेतलं की शेजारी तक्रार करतात, नाही घेतलं तर अपराधी वाटतं. विजेचं बिल, गॅस, कचऱ्याचा वार, या गोष्टी दहा वर्षं केलेल्या नसतात. म्हणून भेटायला जाणारा माणूस चावी दिल्यानंतर जास्त लागतो, आधी नाही.

आमच्या एका काकांना खोली मिळाली तेव्हा आम्ही खाट, गादी सगळं लावून दिलं. आठवड्याने गेलो तर गादीवरची प्लॅस्टिकची पिशवी पण काढलेली नव्हती, ते दाराला पाठ लावून खाली झोपत होते, बूट उशाशी घेऊन. मी काही बोललो नाही. त्यांनी चहा केला, एकच कप होता तो मला दिला आणि स्वतः झाकणातून प्यायले. पुढच्या महिन्यात दुसरा कप आला होता, बूट दाराशी होते, गादीवर अजून पिशवीच.